नाशिकरोडच्या त्या सिस्टरांचे आभार

पंधरा वर्षांच्या आमच्या लेकीला उभं राहिलं की चक्कर, धडधड, शाळेच्या प्रार्थनेत डोळ्यांपुढे अंधारी. हिमोग्लोबिन, थायरॉईड, ईसीजी सगळं नॉर्मल. मग ‘दहावीचं टेन्शन’ हा शिक्का. तपासण्या झोपवून किंवा बसवून व्हायच्या, त्यामुळे उभं राहिल्यावरचा त्रास कागदावर उमटतच नव्हता.

नाशिकरोडच्या एका ओपीडीत सिस्टरांनी हे हेरलं. डॉक्टरांना विचारून त्यांनी तिला 10 मिनिटं शांत झोपवलं, नाडी 74. मग भिंतीला न टेकता उभं केलं आणि दर दोन मिनिटांनी नाडी, बीपी मोजलं. दहाव्या मिनिटाला नाडी 122, बीपी जवळपास तेवढंच. 12 ते 19 वयात बीपी न पडता नाडी 40 ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर ‘पॉट्स’ची, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराची, शंका घ्यावी लागते (मोठ्यांत 30 पुरतात).

जेवणाची सुट्टी होती, तरी त्या पूर्ण वेळ तिचा दंड धरून उभ्या राहिल्या. ‘पडू नाही देणार गं बाळा,’ म्हणत होत्या. सगळे आकडे वेळेसह केसपेपरच्या मागे लिहून दिले. पुढच्या डॉक्टरांनी आधी तेच वाचले, आणि निदान तिथूनच लागलं.

सिस्टर, गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार.