'डिलीट नको, डिसेबल करा' म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

जीडीबीत, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनात, ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण) नकोसा झाला की डिलीट मारायचा आणि लागला की नव्याने टाकायचा, ही आमच्या सगळ्यांची सवय तुम्ही मोडलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

डिलीट केल्यावर नुसती थांबायची जागा जात नाही. तिच्यावर घातलेली अट, इग्नोरचा आकडा (किती वेळा न थांबता पुढे जायचं तो), थांबल्यावर चालवायच्या कमांड्सची यादी, सगळंच जातं. 'डिसेबल २' केलं की हे सगळं शाबूत राहतं. 'इन्फो ब्रेकपॉइंट्स'ने दिसणाऱ्या यादीत एन्ब (चालू की बंद) रकान्यात वायच्या जागी एन दिसतो, एवढंच. मात्र नंबर न देता नुसतं 'डिसेबल' दिलं तर सगळेच ब्रेकपॉइंट बंद होतात. नुसत्या 'डिलीट'च्या वेळी जीडीबी निदान खात्री करून घेतो, इथे चकार शब्द काढत नाही. प्रोग्राम कुठेच थांबला नाही तर कोडवर संशय घेण्याआधी तो रकाना बघा, हे तुमचं सांगणं लाखमोलाचं.

सगळ्यात उपयोगी पडली ती एका ब्रेकपॉइंटने दुसऱ्याला जागं करायची युक्ती. एखादं फंक्शन लाखभर वेळा बोलावलं जातं, पण आपल्याला ते ठरावीक टप्प्यानंतरच बघायचं असतं. तिथला ब्रेकपॉइंट २ डिसेबल ठेवायचा. त्या टप्प्यावर ब्रेकपॉइंट १ टाकायचा आणि त्याला, एकेका ओळीवर, असं सांगायचं:

कमांड्स १
सायलेंट
एनेबल वन्स २
कंटिन्यू
एन्ड

मग १ गुपचूप २ला जागं करून प्रोग्राम पुढे सोडतो, २ एकदाच थांबवतो आणि आपला आपण पुन्हा बंद होतो. नुसती अट लावली असती तर प्रत्येक फेरीला प्रोग्राम थांबला असता, जीडीबीने अट तपासली असती आणि मग पुढे सोडलं असतं. लाखभर फेऱ्यांत हा वेळ चांगलाच जाणवतो. बंद ब्रेकपॉइंटच्या जागी थांबवणारी सूचनाच नसते, त्यामुळे वेग कमी होत नाही.

सी प्लस प्लसच्या टेम्पलेटमध्ये (एकाच साच्यातून वेगवेगळ्या प्रकारांसाठी कोडच्या प्रती बनतात तिथे) एकाच ब्रेकपॉइंटच्या २.१, २.२ अशा जागा होतात, तिथली खोचही तुम्हीच दाखवलीत. 'डिसेबल २.१' केलेली जागा 'एनेबल २'ने सुरू होत नाही, तिला 'एनेबल २.१'च लागतं.

जीडीबीतून बाहेर पडण्याआधी 'सेव्ह ब्रेकपॉइंट्स' आणि फाइलचं नाव, दुसऱ्या दिवशी 'सोर्स' आणि तेच नाव, हे आता अंगवळणी पडलंय. बंद ठेवलेले ब्रेकपॉइंट बंदच परत येतात.

तुमची,
टीममधली सगळी मंडळी