स्फोटकशोधक यंत्रे सीमेवर पाठवण्यापूर्वी: केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

सप्टेंबर 2018 मध्ये जम्मूत प्रत्येकी साडेपाच किलोमीटरच्या दोन पट्ट्यांवर सेन्सर आणि कॅमेऱ्यांचे ‘स्मार्ट’ कुंपण सुरू झाले आणि पुढच्या मार्चमध्ये आसामातील धुबरी येथे ब्रह्मपुत्रेच्या 61 किलोमीटरच्या पात्रावर, जिथे तारेचे कुंपण घालणेच शक्य नाही, इलेक्ट्रॉनिक टेहळणी आली. या कामाचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र माणूस दिसणे वेगळे आणि त्याच्या सामानातले स्फोटक ओळखणे वेगळे. या दुसऱ्या कामासाठी लागणाऱ्या यंत्रांविषयी, आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेला एक नागरिक म्हणून, हे पत्र लिहीत आहे.

इराकमध्ये नाक्यानाक्यांवर एडीई 651 नावाचे हातात धरायचे यंत्र वर्षानुवर्षे वापरले गेले. मुठीला अँटेना जोडलेल्या त्या यंत्रात काम करणारे काहीही नव्हते. विकणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्याला 2013 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, तरीही बगदादमधील भीषण स्फोटानंतर, म्हणजे 2016 मध्ये, पंतप्रधानांना ती यंत्रे नाक्यांवरून काढून घेण्याचा आदेश द्यावा लागला. थायलंडमध्ये याच जातीच्या जीटी 200 ची 2010 मध्ये सरकारने चाचणी घेतली. चारपैकी एका डब्यात स्फोटक ठेवून तो वीस वेळा ओळखायला सांगितले, तेव्हा चारच उत्तरे बरोबर आली. नुसत्या अंदाजानेही पाचएक आली असती! एवढी साधी चाचणी खरेदीच्या आधी झाली असती, तर त्या यंत्रांवर भरवसा ठेवून कुणीही नाक्यावर उभे राहिले नसते.

खऱ्या यंत्रांनाही मर्यादा असतात. ट्रकच्या दाराच्या मुठीवरून स्वॅबची पट्टी फिरवून ती यंत्रात सरकवली की पट्टी तापते, तिला चिकटलेल्या कणांची वाफ होते आणि त्या वाफेतले आयन नळीतून किती वेळात पार होतात यावरून काही सेकंदांत पदार्थ ओळखला जातो. पण जवानाच्या हातमोज्याला आधीच्या तपासणीतले कण लागलेले असतील, तर निरपराध ट्रकवरही घंटा वाजते. टीएटीपी या स्फोटकात नायट्रोजनच नसतो, त्यामुळे फक्त नायट्रोजनयुक्त स्फोटकांसाठी बनवलेल्या यंत्राच्या हाती ते लागत नाही. श्वानाचे नाक आजही मोलाचे आहे, पण श्वानही थकतो आणि त्याला विश्रांती द्यावीच लागते.

आपल्याकडे शास्त्रज्ञांची वानवा नाही. पुण्याच्या एचईएमआरएल या स्फोटकांवर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेने आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून विकसित केलेले, दोन मीटर अंतरावरून स्फोटक ओळखणारे रेडर-एक्स हे यंत्र 2020 मध्ये पुण्यातच सादर झाले. म्हणून विनंती अशी, की देशी असो वा परदेशी, प्रत्येक यंत्राची खरेदीपूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या संस्थेकडून चाचणी व्हावी, आणि ती वातानुकूलित खोलीत नव्हे, तर राजस्थानच्या धुळीत, जम्मूच्या धुक्यात आणि आसामच्या पावसात व्हावी. स्फोटक कुठे ठेवले आहे हे यंत्र चालवणाऱ्याला ठाऊक नसावे. स्फोटक किती वेळा निसटले आणि घंटा किती वेळा उगाच वाजली, हे दोन्ही आकडे निविदेच्या निर्णयात किमतीच्या आधी विचारात घ्यावेत. ज्या जवानांच्या हाती यंत्र द्यायचे, त्यांचा लेखी अभिप्रायही त्या फायलीत असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक