कॅप्टन निमोसाठी पेटी-तबलेवाले हवेत

सप्रेम नमस्कार.

भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न आपल्या वाचनालयातून नेऊन वाचलेले सभासद आता आजोबा-आजी झालेत. त्यांच्यासाठी आणि नातवंडांसाठी दिवाळीच्या सुट्टीत आपण एक मूकपट दाखवणार आहोत. व्हर्नच्याच कादंबरीवरचा ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’, युनिव्हर्सल कंपनीचा, १९१६ सालचा. म्हणजे फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर अवघ्या तीन वर्षांनी आलेला.

समुद्राखालचं चित्रण बहामा बेटांजवळच्या नितळ पाण्यात झालं. त्यात कॅमेरा भिजलाच नाही! विल्यमसन बंधूंनी नावेतून लोखंडी कड्यांची लांब नळी खाली सोडली. तिच्या तळाशी काचेची खिडकी असलेली कोठडी होती, तीत बसून चित्रण केलं. शार्क खरे आहेत, ऑक्टोपस बनावट. पोरं तरी किंचाळणारच.

आणि गोष्टीतला पाणबुडीचा कप्तान निमो आपल्याकडचा. व्हर्ननं नंतरच्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७च्या उठावात लढलेला, असं सांगितलं. चित्रपटानं दोन्ही कादंबऱ्या एकत्र केल्या. पण सत्तावनचा सूड जाऊन एका गोऱ्या माणसावरचा घरगुती सूड आला, हे आम्हाला पटलेलं नाही. निमोही तोंडाला रंग फासलेला अमेरिकन नट आहे. खेळानंतर त्यावर बोलूच.

चित्रपट जुना असल्यानं हक्कांचे पैसे लागत नाहीत. खर्च आहे तो प्रोजेक्टर, पडदा आणि खुर्च्यांच्या भाड्याचा: ९,५०० रुपये. त्यातले ४,००० जमलेत. कुणाकडे चांगला प्रोजेक्टर असेल आणि एका संध्याकाळपुरता मिळाला, तर मागणी निम्म्यावर येईल.

पैशापेक्षा माणसं जास्त हवीत. मधल्या इंग्रजी पाट्या पोरांना वाचता येणार नाहीत. त्या मराठीत आणून खड्या आवाजात वाचणारे दोघं-तिघं हवेत. पावणेदोन तास पेटी आणि तबला न थकता वाजवणारेही हवेत. नोटेशन नाही, पडद्याकडे बघून वाजवायचं. भजनी मंडळातल्यांनी लाजू नये, वादळाच्या प्रसंगाला तुमचाच ठेका लागणार आहे.

देणगी वाचनालयात संध्याकाळी ६ ते ८ या वेळात द्यावी, पावती लगेच मिळेल. पैसे उरले तर बालविभागावरची फुटकी कौलं बदलू. गेल्या पावसात व्हर्नचंच कपाट भिजलं.

आपला,
कार्यवाह