या येळवशीला तुम्ही येऊ नका

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

दादानं सांगितलंच असेल, तरी आपल्या हातानं लिहून कळवावं म्हणून हे पत्र. फोनवर आई गप्प झाली की मला पुढचं बोलता येत नाही. या वेळ अमावस्येला, आपल्या येळवशीला, तुम्ही पुण्याहून गावाकडं यायचं नाही. तिकिटं रद्द करायला मीच लावली. शेतात येळवशीची पूजा, जेवण सगळं होणार आहे, मी करणार आहे, माझ्या चार मैत्रिणी सोबत आहेत. लातूर जिल्ह्याला सुट्टी असतेच, त्यामुळं कुणाच्या रजेचा प्रश्न नाही.

बाबा, रागावू नका. 93 च्या भूकंपात गाव पडलं, आपण पत्र्याच्या शेडमध्ये होतो, तरी तुम्ही येळवस चुकवली नाही, हे मला पाठ आहे. पण तेव्हा तुमच्या छातीत दोन स्टेंट नव्हते. रात्रभर गाडीत बसायचं, पहाटेच्या गारठ्यात उतरायचं, वर बांधावरून चालायचं. डॉक्टरांनी नको म्हटलेलं नाही, हे कबूल. "जपून जा" म्हणाले. तुमचं जपून मी बघितलंय. मागच्या खेपेला विहीर बघून येतो म्हणालात आणि खांद्यावर पाइप घेऊन आलात.

आईला वेगळी काळजी असणार, या शहरातल्या पोरी माझ्या चुलीवर काय करणार? माय, दीड वर्ष झालं, आम्ही पाचजणी महिन्यातून एका रविवारी एकत्र रांधतो. त्या महिन्यात लातूरच्या आसपास जे पिकतं तेवढंच घ्यायचं, मीठ आणि चहापत्ती माफ. हळदीवरून मात्र कडाक्याचं भांडण झालं. वसमत काय जवळ आहे का? शेवटी मराठवाड्याचीच आहे म्हणून पास केली. तुरीची डाळ आपल्या बोरसुरीची. तिला 2024 ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाबा म्हणाले होते, "कागदानं चव येते का?" पावसाळ्यात कर्टुली, तांदुळजा, घोळ, नुसती चैन. वैशाखात रिकामी पिशवी घेऊन मंडईतून परत आलो आणि तुझ्या डब्यातले सांडगे काढले. हे तुला सांगितलं नव्हतं. अर्धा डबा संपला.

येळवशीच्या भज्जीची तालीम गेल्या रविवारी झाली. पहिली बुडाला लागली, कारण बेसन कोरडंच ढकललं. दुसऱ्यांदा तुझ्यासारखं आंबट ताकात कालवून घेतलं. तुरीचे सोले, ओला हरभरा, चाकवत, मेथी, कांद्याची पात, बोरं, बांधावरच्या चिंचेचा कोळ. तुझ्यासारखी झाली असं म्हणणार नाही, पण पातेलं पुसून खाल्लं. हरभऱ्याचे शेंडे खुडताना एकीची बोटं चुरचुरली, तिला वाटलं कसली तरी फवारणी झालीय. मग दुसऱ्या दिवशी तिला पहाटेच शेतात नेलं. पानांवर दवासारखी आंब बसलेली, पांढरं फडकं फिरवलं आणि वाटीत पिळलं. जेमतेम दोन चमचे निघाली. माझं पोट दुखलं की बाबा तुम्ही फडक्याचं टोक माझ्या जिभेवर पिळायचात आणि मी डोळे मिटून चेहरा वाकडा करायचे, आठवतं? तिनंही अगदी तसंच तोंड केलं.

शिवारात आता सोयाबीन निघालं की हरभरा, ज्वारी कुणी फारशी पेरत नाही. पूजेची कोपी उभारायला कडबा मिळेना. शेवटी बटईवाल्या मामांनी पाच पेंढ्या कुठूनशा आणल्या. माझ्या हट्टापायी त्यांनी कडेला ज्वारीची चार तासं टाकली आहेत, हरभऱ्यात करडईही आहे. कोपीतल्या पाच पांडवांच्या दगडांना चुना मी लावणार. आंबिलीचं बिंदगं, ती घागर, मीच डोक्यावर घेणार, बाबांचं घोंगडं पांघरून. घेऊ का असं विचारत नाही, काढून उन्हात टाकलंसुद्धा. आंबिल शिंपताना "ओलगे ओलगे सालम पोलगे" तुमच्यासारखं शेजारच्या शिवारात ऐकू जाईल असं जमणार नाही, पण म्हणीन.

एक राहिलं. चिंचेची झोक्याची फांदी वाऱ्यानं मोडली. झाड एकदम बरं आहे, बाबा, नवी पालवीही आहे. झोका पलीकडच्या फांदीला बांधू, तीही जाडच आहे.

आता ऐका. बाबा, रक्त पातळ करायची गोळी आईसमोर गिळायची, हातात घेऊन "घेतली" म्हणायचं नाही. सकाळी गॅलरीत ऊन येतं तिथं खुर्ची टाकून बसा, स्वेटर घालूनच. आई, वहिनीच्या मिक्सरला नावं ठेवू नकोस. गुडघ्याचा पट्टा कपाटात घडी करून ठेवायला घेतलेला नाही. तिथं देवापुढं पाच खडे मांडलेस तरी चालतंय, पण खाली बसून नको, पाटावर बस.

उंडे, भज्जी आणि तिळाची भाकरी संध्याकाळच्या पुण्याच्या गाडीनं पाठवते, दादा सकाळी स्टँडवरून डबा घेईल. बाबांच्या उंड्यांत मीठ कमी घातलंय, ते वरून घ्यायचं नाही. आंबिल पाठवत नाही, वाटेत फसफसेल. बारा वाजता शेतातून व्हिडिओ कॉल लावते. आई, तेव्हा "भज्जी दाट झाली" असं सगळ्यांसमोर म्हणू नकोस. म्हणशीलच म्हणा.

तुमची,
ठमी