रविवारची तालीम : इंदिरा संतांच्या कवितांचा प्रयोग

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता तालीम. कविता पाठ करूनच या, हातात कागद चालणार नाही.

‘सहवास’ हा इंदिराबाई आणि त्यांचे पती ना. मा. संत या दोघांचा मिळून कवितासंग्रह. 1946 मध्ये ना. मा. गेले. 1951 च्या ‘शेला’पासून पुढे इंदिराबाई एकट्याच. आपल्या प्रयोगाचा कणा हाच आहे : आधी दोन आवाज, मग एकच. दुसरी खुर्ची मात्र शेवटपर्यंत रंगमंचावर राहील. तिच्याकडे कुणी बघायचं नाही, तिला हात लावायचा नाही. प्रेक्षक बघतील.

रडवेला सूर अजिबात नको. ही कविता दुःख आवरून बोलते. आपण हुंदका दिला की ओळ मेलीच. कवितेखाली सतत वाजणारी बासरी काढली आहे, संगीत फक्त दोन कवितांच्या मध्ये. वाचक पान मागे उलटू शकतो, प्रेक्षकाला ओळ एकदाच ऐकू येते. म्हणून ओळीतला शेवटचा शब्द गिळू नका. आणि तरुण प्रेक्षकांना कविता समजावून सांगणारं निवेदनही नको. त्यांना कळतं, खात्री बाळगा.

इंदिराबाईंचं निधन 2000 सालचं, त्यामुळे स्वामित्वहक्क 2060 अखेरपर्यंत आहेत. लेखी परवानगी हाती आल्याशिवाय तिकीटविक्री नाही. तालमीचे व्हिडिओही कुठे टाकू नका.

प्रकाशयोजनेच्या मंडळींनी 9 लाच यावं. जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.