लव्हबर्डचा रंग आणि रंगाची टॉनिके

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांच्या हट्टापायी लव्हबर्ड या छोट्या पोपटांची जोडी घरी येते आणि तिच्यासोबत ‘रंग खुलवणाऱ्या’ टॉनिकची बाटलीही येते. हे पक्षी पाळणारा एक वाचक म्हणून मला या बाटलीविषयी आणि त्याहून अधिक पिल्लांच्या वयाविषयी लिहावेसे वाटते.

पीचफेस जातीच्या कोवळ्या पिल्लाचा चेहरा फिकट असतो आणि चोचीच्या बुडाशी काळा डाग दिसतो. घेणाऱ्याला वाटते, पक्ष्यात काही उणे आहे; दुकानदार पाण्यात थेंब टाकायला सांगतो. वास्तविक तो डाग ही लहान वयाची खूण असून तीन-चार महिन्यांत तो आपोआप जातो, आणि पहिली पिसे झडून नवी आली की चेहऱ्याचा रंगही भरतो. थेंब दिले काय, न दिले काय, हे घडणारच असते. श्रेय मात्र बाटली घेऊन जाते.

कॅनरी किंवा फ्लेमिंगो यांचा रंग आहारातील कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांवर अवलंबून असतो, पण पोपटाच्या कुळाचे तसे नाही. लव्हबर्डचे लाल-पिवळे रंगद्रव्य त्याच्या वाढत्या पिसातच तयार होते. निळ्याचे तर वेगळे द्रव्यच नसते; पिसाच्या आतील सूक्ष्म सच्छिद्र रचनेमुळे प्रकाश विखुरतो, खालचे काळे मेलॅनिन उरलेला प्रकाश शोषून घेते आणि आपल्याला निळा रंग दिसतो. या निळ्याला पिवळ्या द्रव्याची जोड मिळाली की पक्षी हिरवा दिसतो. म्हणूनच फिशर जातीत ज्याच्या अंगी पिवळे-लाल द्रव्य तयार होत नाही तो ‘ब्लू’, आणि ज्याच्यात मेलॅनिन नसते तो पिवळा ‘लुटिनो’. ‘ब्लू’चा गुण आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो, त्यामुळे दोन हिरव्या पक्ष्यांच्या घरट्याच्या पेटीतही एखादे निळे पिल्लू निघते. यात टॉनिकला कुठेही जागा नाही.

आहाराने पिसांचा पोत आणि तजेला मात्र नक्की बदलतो. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याची पिसे निस्तेज व ठिसूळ होतात, आणि पिसांचा रंग अवेळी पालटू लागला तर तो यकृताच्या आजाराचाही इशारा असू शकतो. अशा वेळी पक्ष्यांची माहिती असलेला पशुवैद्यच गाठावा. राळे, बाजरी, थोडी करडई, रोज धुतलेली कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला, कोवळे मक्याचे कणीस आणि पिंजऱ्यात टांगलेला समुद्रफेस (माकूल या समुद्री जीवाचे पांढरे कवच) यांवर बाटलीचे पैसे खर्च केले तर ते सत्कारणी लागतील. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट या पक्ष्यांना विषारी आहेत.

माझी खरी तक्रार पिल्ले फार लवकर विकण्याबद्दल आहे. सुमारे तीन आठवडे उबवल्यावर अंड्यातून निघालेले पिल्लू आंधळे असते, त्याचे डोळे दुसऱ्या आठवड्यात उघडतात. तिसऱ्या आठवड्यात अंगावर पिसांचे काळसर कोंब उभे राहतात, टोकाशी आवरण फुटून रंगाचा जेमतेम ठिपका दिसतो, आणि नेमके याच अवस्थेत ते ‘हँडफीड’, म्हणजे हाताने भरवायचे पिल्लू, म्हणून नवख्या माणसाच्या हाती दिले जाते. भरवायची पेज गार झाली तर ती गळ्याखालच्या पिशवीत साचून आंबते, फार गरम असेल तर पिशवी आतून भाजते. सहा आठवड्यांच्या सुमारास पेटीबाहेर पडलेले पिल्लूही लगेच स्वतः खात नाही. पुढचे दोनेक आठवडे आईबाप, विशेषतः बाप, त्याला भरवत असतात. चांगले पैदासकार पिल्लू ‘सेल्फ’ झाल्याशिवाय, म्हणजे स्वतः खाऊ लागल्याशिवाय, देत नाहीत, पण बाजारात ही शिस्त अभावानेच आढळते.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम केले असून त्यांनुसार दुकानाची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे करणे बंधनकारक आहे. ही नोंदणी तपासतानाच प्रत्येक पक्ष्याच्या पावतीवर त्याच्या जन्माची तारीख लिहिण्याची सक्ती करावी, आणि पिल्लू आठ-दहा दिवसांचे असताना पायात चढवली जाणारी, सालाचा आकडा कोरलेली बंद कडी असलेलेच पक्षी विकू द्यावेत. पंजा वाढल्यावर ती कडी पायात चढवता येत नाही, त्यामुळे जुन्या पक्ष्याला नव्या सालाचा म्हणून खपवणे अवघड होईल. पशुसंवर्धन विभागाने येत्या सुट्टीपूर्वी याचा विचार करावा, अशी विनंती.

आपला,
एक पक्षिपालक वाचक, सातारा