ॲटलासमध्ये न सापडलेला झेंडा

बेलफास्ट, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलेला प्रश्न मी उडवून लावला, याची रुखरुख आठवडाभर लागून राहिली आहे. फुटबॉलच्या सामन्याला गेलेल्या नातीचा हिरव्या टी-शर्टातला फोटो तुम्ही पाहिलात, तिच्या हातातला झेंडा निरखलात आणि जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाच्या सवयीने कपाटातला ॲटलास काढून शेवटच्या पानावरच्या झेंड्यांशी तो ताडूनही पाहिलात. "हा कुठल्या देशाचा? माझ्याकडे तर नाही," असे तुम्ही म्हणालात, आणि मी "इथल्या टीमचा आहे" एवढेच बोललो. आईने पाठोपाठ विचारले, की राष्ट्रगीत लागले तेव्हा पोर नीट उभी राहिली ना. तेही मी "हो, हो" म्हणून सोडून दिले. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि ती सांगताना मला स्वतःलाही जरा थांबून विचार करावा लागतो, म्हणून फोन बाजूला ठेवून हे पत्र लिहीत आहे.

बाबा, तुमच्या ॲटलासची काही चूक नाही. पांढऱ्या कापडावर लाल क्रॉस, मधोमध सहा टोकांचा तारा, ताऱ्याच्या पोटात लाल पंजा आणि वर मुकुट असा तो झेंडा १९५३ ते १९७२ या काळात उत्तर आयर्लंडच्या सरकारचा होता. १९७२ मध्ये लंडनने ते सरकार बाजूला सारून कारभार आपल्या हाती घेतला आणि सरकारबरोबर झेंड्याचा अधिकृत दर्जाही गेला. आज उत्तर आयर्लंडला स्वतःचा असा अधिकृत झेंडाच नाही, ब्रिटनचा युनियन जॅक तेवढा आहे. जुना झेंडा मात्र फुटबॉलच्या मैदानात आणि राष्ट्रकुल स्पर्धांत टिकून राहिला. तुम्हाला तो त्या पानावर काढून ठेवायचाच असेल तर पेन्सिलीने काढा.

आता यात बिघडते कुठे, ते सांगतो. येथील प्रोटेस्टंट समाज मोठ्या मानाने स्वतःला ब्रिटिश समजतो आणि कॅथलिक समाज मोठ्या मानाने आयरिश. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक घरांत वाढलेले ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट वा इतर ख्रिस्ती घरांत वाढलेले ४३.५ टक्के निघाले, म्हणजे पारडी जवळजवळ सारखी. पण १९२१ पासून १९७२ पर्यंत सत्ता सलगपणे एकाच बाजूच्या एकाच पक्षाकडे होती, आणि घरे, नोकऱ्या, मतदारसंघांच्या सीमा या सगळ्यांत आपल्याला डावलले गेले ही कॅथलिकांची तक्रार काल्पनिक नव्हती. त्या सरकारचा झेंडा हा त्यांच्या लेखी नुसत्या खेळाचा झेंडा कसा होईल?

फुटबॉलचे हे दुखणे आयर्लंडच्या फाळणीइतकेच जुने आहे. त्या फाळणीत बेटाचा उत्तर भाग ब्रिटनकडे राहिला आणि दक्षिण वेगळी झाली. आयरिश फुटबॉल असोसिएशन १८८० मध्ये बेलफास्टला स्थापन झाली आणि चाळीस वर्षे साऱ्या बेटाचा एकच संघ उतरवत होती. १९२१ मध्ये दक्षिणेतल्या डब्लिनने वेगळी चूल मांडली. गंमत अशी, की त्यानंतर तीस वर्षे दोन्ही संघटना आपापल्या संघाला 'आयर्लंड' असेच म्हणत आणि खेळाडू निवडताना एकमेकांच्या अंगणात बिनदिक्कत शिरत. जॉनी कॅरी हा खेळाडू सप्टेंबर १९४६ मध्ये अवघ्या तीन दिवसांत इंग्लंडविरुद्ध दोनदा खेळला, एकदा एका आयर्लंडकडून आणि एकदा दुसऱ्याकडून! भावाभावांनी वाटण्या केल्या तरी आडनावावर दोघांचाही हक्क राहावा, तसा हा प्रकार होता. पन्नाशीच्या दशकात फिफाने मध्यस्थी करून दोघांना वेगळी नावे दिली, तेव्हा तो संपला. रग्बीवाल्यांनी मात्र ही वाटणी कधी केलीच नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

सामन्याच्या दिवशी आम्ही दोघे विंडसर पार्कला चालतच गेलो. मैदान आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. वाटेतल्या काही गल्ल्यांत पदपथाच्या कडेचे दगड युनियन जॅकच्या लाल, पांढऱ्या, निळ्या रंगांत आळीपाळीने रंगवलेले आहेत आणि विजेच्या खांबांवर झेंडे लटकलेले आहेत. शहराच्या दुसऱ्या भागात असेच दगड आयरिश प्रजासत्ताकाच्या झेंड्यासारखे हिरवे, पांढरे, नारिंगी दिसतात. फाटकाबाहेरच्या टपरीवर मफलरी, टोप्या आणि हातात धरायचे छोटे झेंडे होते, आणि तुमच्या नातीने आपल्या खाऊच्या पैशांतून एक झेंडा घेतला. झेंड्यातला लाल पंजा तिला आवडला. मी काही बोललो नाही. दहा वर्षांच्या मुलीला टपरीसमोर उभे करून पन्नास वर्षांचा इतिहास सांगणे मला जमले नाही, हे कबूल करतो.

मग 'गॉड सेव्ह द किंग' हे ब्रिटनचे राष्ट्रगीत सुरू झाले. आई, ती नीट उभी राहिली, मीही राहिलो. आपल्या पुढच्या रांगेतला एक धिप्पाड गृहस्थ टोपी छातीशी धरून इतक्या मनापासून गात होता, की त्याची मान लाल झाली होती. तो आक्रमक वगैरे मुळीच नव्हता. गीत संपताच त्याने मागे वळून पोरीला दिसावे म्हणून स्वतःहून एक खुर्ची सरकून घेतली. याच गीताच्या मध्ये पूर्वी काही लोक 'शरणागती नाही' अशी आरोळी घालत. कॅथलिक राजाच्या फौजेने १६८९ मध्ये प्रोटेस्टंटांच्या डेरी शहराला वेढा घातला, तेव्हापासून ती चालत आलेली आहे. त्या दिवशी माझ्या कानावर ती आली नाही. परतताना मात्र पोरीने विचारले, "बाबा, आपल्या शेजारचा मुलगा तर शाळेच्या टीममध्ये आहे, मग तो का नाही आला?"

त्या शेजाऱ्यांविषयी तुम्हाला पूर्वी सांगितले आहे, दिवाळीत चकल्या मागून नेणारे तेच. ते कॅथलिक आहेत. (त्यांच्या मुलाच्या संगतीने आपली नात इंग्रजी 'एच' या अक्षराला 'हेच' म्हणू लागली आहे. येथे 'हेच' म्हणणारे मूल कॅथलिक शाळेतले आणि 'एच' म्हणणारे प्रोटेस्टंट शाळेतले, असा सर्रास अंदाज बांधतात. मराठी माणसाला 'हेच' म्हणायला काय अडचण?) शेजाऱ्याचे या संघावर प्रेम नाही असे नव्हे. १९८२ च्या विश्वचषकात व्हॅलेन्सियाला यजमान स्पेनविरुद्ध गेरी आर्मस्ट्राँगने मारलेला एकमेव गोल तो हातवारे करून, गोलरक्षकासह, स्वयंपाकघरात करून दाखवतो. आर्मस्ट्राँग बेलफास्टच्या फॉल्स रोड भागातला कॅथलिक होता, त्याच संघातला सतरा वर्षांचा नॉर्मन व्हाइटसाइड शँकिलचा प्रोटेस्टंट. या दोन वस्त्यांच्या मध्ये आजही उंच भिंत आहे. पण शेजारी स्वतः विंडसर पार्कच्या आत कधी गेलेला नाही. तो म्हणतो, "तिकीट काढायला माझी ना नाही, पण आत जाताना दारात जे भाडे मागतात ते मला परवडत नाही." भाडे म्हणजे गीत आणि झेंडा.

त्याला असे वाटण्यामागे कारण आहे. नील लेनन हा लर्गन गावचा कॅथलिक खेळाडू ग्लासगोच्या सेल्टिक क्लबात गेला, आणि सेल्टिक हा आयरिश कॅथलिकांचा क्लब मानला जात असल्याने २००१ मध्ये विंडसर पार्कवर त्याच्या स्वतःच्याच प्रेक्षकांनी तो चेंडूला पाय लावील तेव्हा तेव्हा त्याची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सायप्रसविरुद्ध तो कर्णधार म्हणून उतरणार होता, त्याच दिवशी जिवे मारण्याची धमकी आली. तो घरी निघून गेला आणि देशासाठी पुन्हा खेळला नाही. शेजारी तेव्हा पंचवीस वर्षांचा होता.

हेही सांगितले पाहिजे, की मैदानातल्या लोकांनीच पुढे बरीच साफसफाई केली. याच सुमारास असोसिएशनने 'फुटबॉल सर्वांसाठी' अशी मोहीम हाती घेतली, आणि चाहत्यांच्या मंडळांनी लाल-पांढऱ्या-निळ्याऐवजी संघाच्या हिरव्या रंगाचेच कपडे घालून येण्याचा आग्रह धरला. द्वेषाची गाणी कोणी सुरू केली, की बाकीचे मोठमोठ्याने दुसरे काहीतरी गाऊन ती बुडवत. हा उपाय मला फार आवडला, कारण त्यात पोलीस लागत नाहीत, फक्त घसा लागतो. २००६ मध्ये या चाहत्यांना सांप्रदायिकतेविरुद्धच्या कामासाठी युरोपीय पुरस्कार मिळाला, आणि २०१६ च्या युरो स्पर्धेत दोन्ही आयर्लंडच्या चाहत्यांना त्यांच्या वागणुकीबद्दल पॅरिस शहराने पदक दिले. त्या स्टँडमधला हिरवा रंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो दिखाऊ नाही. पण सामना सुरू होण्यापूर्वीची दोन मिनिटे मात्र होती तशीच राहिली आहेत.

या दोन मिनिटांवर तोडगा काढता येतो, हे याच बेटावर सिद्ध झाले आहे. रग्बीचा संघ साऱ्या आयर्लंडचा मिळून एक आहे आणि १९९५ मध्ये त्यांनी 'आयर्लंड्स कॉल' हे नवे गीत करवून घेतले. डब्लिनमध्ये आयरिश प्रजासत्ताकाचे राष्ट्रगीतही होते, पण परदेशात फक्त हे नवे गीत. काव्य म्हणून ते सामान्यच आहे, आणि कोणाच्याही आजोबांचे नाही हाच त्याचा गुण आहे. क्रिकेटचा संघही एकच. बाबा, २००७ च्या जूनमध्ये सचिनने एकदिवसीय सामन्यांत १५,००० धावा पूर्ण केल्या, तो सामना इथे बेलफास्टलाच झाला होता. त्या मैदानावरून मी जातो तेव्हा तुमची आनंदाची आरोळी आठवते. मुष्टियोद्धा पॅडी बार्न्सचे उदाहरण तर आणखी नामी आहे. बीजिंग आणि लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने आयर्लंडसाठी कांस्यपदके घेतली, आणि मधल्या २०१० सालच्या आपल्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत उत्तर आयर्लंडसाठी सुवर्णपदक. तेथे झेंडा हा लाल पंजाचा, पण धून मात्र 'डॅनी बॉय'ची, जी दोन्ही बाजूंची माणसे लग्नांत आणि मयताला सारख्याच ओल्या डोळ्यांनी गातात. स्कॉटलंड आणि वेल्सचे फुटबॉल संघ आपापली गीते म्हणतात. त्यांना कोणी कमी ब्रिटिश म्हणत नाही. मग येथेच का अडावे?

मी हा प्रश्न कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला विचारला. तो प्रोटेस्टंट आहे, दर सामन्याला जातो आणि लेननला छळणाऱ्यांविषयी त्याच्या तोंडून मी चांगला शब्द ऐकलेला नाही. तो म्हणाला, की २०१२ च्या डिसेंबरात नगरपालिकेने युनियन जॅक रोज फडकवायचे बंद करून ठरावीक दिवसांपुरता ठेवला, जनगणनेत आम्ही मागे पडलो, रग्बीचा संघ साऱ्या बेटाचा आहे. फक्त हा एक संघ पूर्णपणे इथला आहे, आणि तुम्ही म्हणता की त्याचेही गीत सोडून द्या. मी गप्प बसलो. त्याचे म्हणणे मला पटले नाही, पण त्यातली भीती खोटी नव्हती.

बाबा, तुम्ही मला खांद्यावर घेऊन शाहू स्टेडियमला न्यायचात. तेव्हा पेठेपेठेची ईर्षा काय असते ते मी पाहिले आहे. आपली तालीम फुटबॉलमध्ये हरली की आई भाकरी थापताना तव्याचा आवाज करू देत नसे. पण आपल्या कोल्हापुरात समोरच्या तालमीचा माणूस स्टेडियमच्या दारात थबकला नाही, कारण ईर्षा मैदानात होती, फाटकावर नव्हती. इथे उलट आहे. मला त्या फाटकातून कोणी अडवले नाही, कारण माझ्या आडनावावरून कोणालाच काही अंदाज बांधता येत नाही. मी परका आहे म्हणून मला ते भाडे माफ आहे, आणि शेजारी पिढ्यान् पिढ्या इथला आहे म्हणून त्याच्याकडे ते मागितले जाते. हे मला टोचते, आणि त्या रविवारी मी फोनवर चाचरलो ते म्हणूनच.

झेंडा अजून नातीच्या टेबलावरच्या पेनांच्या डब्यात उभा आहे. मी तो काढला नाही. मात्र तो कोणाचा होता आणि कोणाला का बोचतो, ते तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, की पंजा ठेवून मुकुट काढला तर चालेल का. हा प्रश्न मी सहकाऱ्याला आणि शेजाऱ्याला दोघांनाही विचारला. दोघेही हसले, उत्तर कोणीच दिले नाही.

पुढच्या सामन्याची चार तिकिटे काढली आहेत. शेजारी मुलाला घेऊन येणार आहे, पण एका अटीवर. तो बाहेरच्या टपरीवर चहा घेत थांबेल आणि गीत संपल्यावर आत येईल. मी आणि पोर वेळेवर आत जाऊन चार खुर्च्या धरून ठेवायच्या, असे आमचे ठरले आहे. आई, तुला विचारायचे होते, की त्या दिवशी डब्यात चकल्या नेल्या तर आतपर्यंत कुरकुरीत राहतील का? हवा इथे फार दमट असते.

तुमचा,
बाळ